जिम थॉर्प : एक हरलेला हंगाम

जिम थॉर्पविषयी लिहिणारा बहुधा १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकपाशी रेंगाळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत एकाच माणसाने सुवर्णपदक जिंकावे, ही गोष्ट सांगताना कुणाच्याही लेखणीला धार चढेल. परंतु या माणसाच्या आयुष्यातला जो काळ मला सर्वांत अस्वस्थ करतो, तो स्टॉकहोमचा नव्हे. तो आहे १९२३ सालच्या शरद ऋतूतला. त्या हंगामात जिम ज्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा खेळाडू आणि प्रशिक्षक होता, त्या संघाने अकरा सामने खेळले आणि त्यांतले दहा गमावले.

आपल्या मैदानावर चालतो तो हा फुटबॉल नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखोटीला मारून प्रतिपक्षाची फळी फोडत पुढे मुसंडी मारण्याचा खेळ. पाय लागतो तो अधूनमधून. अंगाला अंग भिडते, हाडे मोडतात, आणि पडलेल्या माणसाने उठून पुन्हा रांगेत उभे राहायचे असते. जिम या खेळाचा राजा होता.

त्याचा जन्म १८८७ चा, आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात त्या भागातला. सॅक अँड फॉक्स या आदिवासी जमातीतला हा मुलगा. जुळा भाऊ चार्ली लहानपणीच गेला, पुढे आईवडीलही गेले. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल या सरकारी शाळेत तो शिकला. ही शाळा काय होती हे समजल्याखेरीज पुढले काहीच समजणार नाही. १८७९ साली एका लष्करी अधिकाऱ्याने ती स्थापन केली. मूळ रहिवाशांच्या मुलांचे केस कापायचे, त्यांची भाषा तोंडातून काढून टाकायची आणि त्यांना गोऱ्यांसारखे करायचे, हा तिचा उघड उद्देश. अशा शाळेला बाहेर नाव मिळाले ते मात्र फुटबॉलमुळे! १९११ साली तिच्या संघाने हार्वर्डसारख्या बलाढ्य विद्यापीठाला १८-१५ असे हरवले. त्यात जिमने लाथेने मारलेले चार गोल होते.

स्टॉकहोमची पदके त्याच्याकडे वर्षभरही टिकली नाहीत. ऑलिंपिकपूर्वी दोन उन्हाळे त्याने नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता, ही बातमी १९१३ च्या जानेवारीत छापून आली आणि हौशी खेळाडूंच्या नियमावर बोट ठेवून त्याची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. उन्हाळ्यात असे पैसे मिळवणारे कॉलेजचे विद्यार्थी त्या काळी पुष्कळ होते, पण ते खोट्या नावाने खेळत. हा स्वतःच्या नावाने खेळला. शिवाय ऑलिंपिकच्या नियमाप्रमाणे हरकत घ्यायची मुदत तीस दिवसांची होती, आणि ती केव्हाच उलटून गेली होती. ज्या संस्थांनी नियम दाखवला त्यांनी हा नियम वाचला नव्हता काय?

मग पैशासाठी खेळणे हाच त्याचा उघड व्यवसाय झाला. न्यूयॉर्क जायंट्ससाठी बेसबॉल आणि १९१५ पासून ओहायोतल्या कँटन गावच्या बुलडॉग्ज संघासाठी फुटबॉल. सामन्याला अडीचशे डॉलर मिळत. १९२० साली कँटनमधल्याच एका मोटारीच्या दुकानात संघचालक जमले आणि त्यांनी व्यावसायिक संघांची संघटना उभी केली. तिचे पहिले अध्यक्षपद जिमला दिले गेले, ते कारभारासाठी नव्हे तर नावासाठी. दोन वर्षांनी तिचे नाव नॅशनल फुटबॉल लीग झाले. आज अब्जावधी डॉलरची उलाढाल करणारी ही लीग तेव्हा इतकी स्वस्त होती, की तिच्यातला एक संघ शंभर डॉलरला मिळत असे.

तो विकत घेणाऱ्यांत ओहायोतल्या लारू नावाच्या हजाराच्या आतल्या वस्तीच्या खेड्यातले वॉल्टर लिंगो हे गृहस्थ होते. त्यांचा धंदा कुत्री विकण्याचा. एअरडेल जातीची कुत्री त्यांच्या ऊरँग श्वानगृहातून टपालाने मागणी नोंदवून देशभर जात, आणि एका कुत्र्याची किंमत साधारण दीडशे डॉलर असे. म्हणजे अख्खा संघ एका कुत्र्यापेक्षा स्वस्त! लिंगोंना फुटबॉलचे वेड नव्हते, वेड जाहिरातीचे होते. सगळेच खेळाडू मूळ अमेरिकन असलेला संघ गावोगाव फिरवावा आणि जमलेल्या गर्दीला कुत्री दाखवावीत, अशी त्यांची कल्पना. जिमला त्यांनी त्यासाठीच नेमले. संघाचे नाव पडले ऊरँग इंडियन्स. चेरोकी, मोहॉक, ओजिब्वे अशा निरनिराळ्या जमातींची माणसे त्यात आली. जो गायन आणि पीट कॅलाक हे कार्लाइलचे जुने सोबतीही आले. लारूला धड मैदानही नव्हते. त्यामुळे घरचा सामना जवळच्या मेरियन शहरात, आणि एरवी संघ सदैव परमुलखात.

मला विलक्षण वाटते ती या सामन्यांतली मधली सुट्टी. दोन्ही संघ विश्रांतीला जातात, दम घेतात, दुखरे अंग चोळून घेतात, अशी रीत. ऊरँगच्या खेळाडूंना मात्र तेव्हा पिसांचे शिरोभूषण चढवून नाचावे लागे. टोमाहॉक फेकून दाखवावा लागे, कुत्र्यांबरोबर कसरती कराव्या लागत, महायुद्धातल्या टेहळणीचे नाट्यही वठवावे लागे. निक लासा नावाचा खेळाडू तर अस्वलाशी कुस्ती खेळे. आणि हे आटोपले की पुन्हा ताज्यातवान्या प्रतिस्पर्ध्यांपुढे उभे राहायचे. एरवी श्वानगृहातली कामे होतीच. हा संघ का हरला याची कारणे लोक खेळाडूंच्या शिस्तीत शोधतात. कित्येक खेळाडूंचा उमेदीचा काळ सरला होता हेही खरे. पण ज्याच्या मालकाला विजयाची गरजच नव्हती तो संघ जिंकणार कसा?

१९२२ साली तीन सामने तरी जिंकले होते, सहा गमावले होते. १९२३ मध्ये हार मागून हार आली. बफेलोने ५७-० ने धुव्वा उडवला. ज्या कँटनने जिमला डोक्यावर घेतले होते, त्या कँटनने ४१-० ने हरवले. नोव्हेंबरात शिकागोच्या मैदानावर बेअर्सशी गाठ पडली. मैदानात चिखल झालेला. प्रतिपक्षाची गोलरेषा अगदी हाताशी आली असताना जिमच्या हातून चेंडू निसटला. तो उचलून जॉर्ज हॅलस उलट दिशेने धावत सुटला, आणि छत्तीस वर्षांचा जिम त्याच्या मागे. तब्बल अठ्ठ्याण्णव यार्ड! जिम त्याला गाठू शकला नाही. निसटलेला चेंडू घेऊन इतके अंतर धावण्याचा तो विक्रम १९७२ पर्यंत अबाधित राहिला. म्हणजे जगातल्या सर्वश्रेष्ठ धावपटूचे नाव जवळजवळ पन्नास वर्षे विक्रमांच्या यादीत पाठलागात मागे पडलेला माणूस म्हणून होते.

तरीही हा संघ मैदान सोडून पळाला नाही. सलग दहा पराभवांनंतर अखेरच्या सामन्यात त्यांनी लुइव्हिलला १९-० ने नमवले. त्या विजयाने कुणाचे काय साधले? नवलाई ओसरली होती, गर्दी आटली होती. लिंगोंनी संघ मोडला. पुढच्याच वर्षी, जून १९२४ मध्ये, अमेरिकेत जन्मलेल्या सर्व आदिवासींना कायद्याने नागरिकत्व मिळाले. तोवर त्यांच्यातले कित्येकजण आपल्याच भूमीत नागरिक नव्हते.

यापुढचे भराभर सांगतो. जिम १९२८ पर्यंत या ना त्या संघातून खेळत राहिला. मग चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या, खड्डे खणण्याची मजुरी केली, व्यापारी जहाजावर नोकरी केली. १९५० साली वार्ताहरांनी त्याला अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात तो वारला, तेव्हा गाठीला पैसा नव्हता. पदके १९८२ मध्ये त्याच्या नावे परत झाली, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

आणि त्याचा देह? पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक या मोडकळीला आलेल्या गावाशी त्याच्या विधवा पत्नीने करार केला. गावाने प्रवासी यावेत म्हणून आपले नावच बदलून जिम थॉर्प असे ठेवले आणि तेथे त्याला पुरले. हयातीत त्याने त्या गावात पाऊल ठेवले नव्हते. वडिलांना ओक्लाहोमात जमातीच्या भूमीत न्यावे म्हणून मुलांनी २०१० साली दावा लावला. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयात ते हरले, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. समाधीजवळ थोडी ओक्लाहोमाची माती आणून टाकलेली आहे, थोडी स्टॉकहोमच्या मैदानावरचीही. लारूची नाही.