गाण्यांचा वाटेकरी : ॲलन फ्रीड

आवडलेले गाणे एकट्याने ऐकून माणसाचे समाधान होत नाही. पूर्वी ज्याच्या घरी ग्रामोफोन असे, तो नवी तबकडी आणली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक मारी; आणि गाणे सुरू झाले की तबकडीकडे न पाहता ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत बसे. त्या पाहण्यात जो आनंद आहे, त्यावर अमेरिकेतील एका माणसाने आपले सारे आयुष्य उभे केले. गायक म्हणून किंवा चाली बांधणारा म्हणून त्याची ख्याती नव्हे. दुसऱ्यांची गाणी तो लोकांपुढे ठेवीत असे, एवढेच त्याचे काम. त्या कामाने त्याला कीर्तीच्या शिखरावर नेले आणि त्याच कामात त्याचा घात झाला.

ॲलन फ्रीडचा जन्म १५ डिसेंबर १९२१ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील विंडबर या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. तो अकरा-बारा वर्षांचा असताना, १९३३ साली, त्याचे कुटुंब ओहायो राज्यातील सेलम येथे राहावयास गेले. शाळेत असताना तो ट्राँबोन हे पितळी वाद्य वाजवी. सोबत्यांना घेऊन त्याने एक वाद्यवृंदही काढला होता. पुढे मोठ्या वाद्यवृंदाचा नायक व्हावे, अशी त्याची फार इच्छा होती. परंतु कानाच्या दुखण्याने ती इच्छा जागच्या जागी राहिली. ज्याचा कान दुखावला, त्यानेच पुढे लाखो लोकांना ऐकावयास शिकवावे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

विद्यापीठात असताना त्याला नभोवाणीची गोडी लागली. लहान गावांच्या केंद्रांवर बातम्या सांग, खेळांचे वर्णन कर, असे करीत तो ॲक्रन शहरी निवेदक झाला आणि तेथून १९५१ साली क्लीव्हलंडच्या केंद्रावर आला. याच शहरात लिओ मिंट्झ या गृहस्थाचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. मिंट्झने एक गोष्ट हेरून ठेवली होती. त्याच्या दुकानात गोऱ्या घरांतील मुलेमुली येत आणि कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या मागत.

आज यात नवल वाटण्याजोगे काही नाही. त्या काळी मात्र होते. अमेरिकेत गोऱ्यांचे संगीत निराळे आणि काळ्यांचे निराळे मानले जाई. कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांची यादीसुद्धा वेगळी छापली जाई, आणि १९४९ पर्यंत तिच्यावर त्यांच्या वंशाचाच शिक्का असे. त्या वर्षी एका व्यापारी साप्ताहिकाने ते नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतले. नाव बदलले, भिंत तशीच उभी राहिली. गोऱ्या श्रोत्यांच्या केंद्रावर त्या तबकड्या सहसा लागत नसत.

मिंट्झने फ्रीडला सुचविले, की रात्री उशिराच्या कार्यक्रमात याच तबकड्या लाव. खर्चाचा भार मी उचलतो. जुलै १९५१ पासून फ्रीड ‘मूनडॉग’ या टोपणनावाने त्या लावू लागला. ध्वनिक्षेपक उघडा ठेवून तो गाण्याच्या ठेक्यावर टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकावर हाताने ताल धरी, मध्येच आरोळी ठोकी. जणू एखादा उत्साही मित्र खोलीत येऊन बसला आहे आणि म्हणतो आहे, अरे, हे ऐकलेच पाहिजे! ऐकणाऱ्याला निवेदकाच्या त्वचेचा रंग दिसत नव्हता, निवेदकाला ऐकणाऱ्याचा दिसत नव्हता. या संगीताला तो ‘रॉक अँड रोल’ म्हणू लागला. हे शब्द त्याने घडविले नव्हते. कृष्णवर्णीय गायकांच्या गाण्यांत ते पूर्वीपासूनच होते. पण वंशाची आठवण न देणारे असे हे नाव त्याने रोज रात्री उच्चारले आणि ते सर्वतोमुखी झाले.

२१ मार्च १९५२ रोजी त्याने क्लीव्हलंडच्या भव्य क्रीडागृहात नृत्य-संगीताचा एक कार्यक्रम ठरविला. जागा सुमारे दहा हजारांची होती. लोटलेली गर्दी त्याच्या दुपटीची असावी, असा अंदाज आहे. खोटी तिकिटेही खपली होती. दारे मोडली, पहिला वादक जेमतेम वाजवू लागतो न लागतो तोच पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला. फ्रीडला नभोवाणीवरून श्रोत्यांची क्षमा मागावी लागली. रॉक संगीताचा पहिला मोठा जलसा म्हणून इतिहासात ज्याची नोंद होते, तो असा एका गाण्यात आटोपला! त्याच वर्षाच्या अखेरीस सिलोन रेडिओवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि एखाद्या निवेदकाच्या आवाजाची वाट पाहत बसणे म्हणजे काय, हे आपल्याकडेही घरोघरी कळले.

१९५३ साली मोटारीच्या अपघातात तो जबर जखमी झाला. त्यातून उठून १९५४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. ‘मूनडॉग’ हे नाव मात्र त्याला सोडावे लागले. त्या शहरात लुई हार्डिन नावाचा एक अंध संगीतकार रस्त्यावर वादन करीत असे. त्याने हेच नाव आधीपासून घेतले होते, आणि फ्रीड त्याची तबकडीही कार्यक्रमात वाजवीत असे. हार्डिन न्यायालयात गेला आणि जिंकला. दुसऱ्याची वस्तू वाटताना ती आपलीच वाटू लागते, या दोषाची ही पहिली खूण होती.

तरी फ्रीडचे खरे मोठेपण न्यूयॉर्कमध्येच दिसले. त्या वर्षांत एक रीत पडली होती. कृष्णवर्णीय गायकाचे गाणे लोकांना आवडू लागले, की कोणी गोरा गायक तेच गाणे जरा गुळगुळीत करून गाई. आणि केंद्रे मूळ गाणे वगळून ही नक्कल लावीत. फॅट्स डॉमिनोचे ‘एन्ट दॅट अ शेम’ हे गाणे १९५५ साली पॅट बून याने गाइले आणि खपाच्या यादीत बूनची तबकडी डॉमिनोच्या पुढे जाऊन अग्रस्थानी पोहोचली. फ्रीड अशा नकला टाळी आणि मूळ तबकडीच लावी. ज्याचे गाणे, त्याच्याच कंठातून ते लोकांनी ऐकावे, हा त्याचा आग्रह होता. ब्रुकलिनच्या पॅरामाउंट नाट्यगृहात शाळांच्या सुट्ट्या पाहून तो जलसे करी. तेथे रंगमंचावर काळे-गोरे कलावंत एकत्र असत आणि प्रेक्षागृहात काळी-गोरी मुले शेजारी शेजारी बसत.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती झाकून चरित्र लिहिणे बरे नव्हे. १९५५ सालीच चक बेरी या तरुण कृष्णवर्णीय गायकाचे ‘मेबेलीन’ हे गाणे निघाले. गाणे बेरीने रचलेले. पण रचनाकारांत आणखी दोन नावे छापली गेली, आणि त्यांपैकी एक फ्रीडचे होते. त्याने त्यातील एक अक्षरही लिहिले नव्हते. रचनाकार म्हणून नाव लागले की प्रत्येक तबकडीमागे मोबदल्याचा वाटा मिळे, आणि वाटा मिळाला की निवेदक ते गाणे अधिक वेळा लावी, असा तो व्यवहार. फ्रीडने गाणे खूप वाजविले, ते गाजले, बेरीचे नाव झाले, हे खरे. पण बेरीच्या हक्काचे पैसेही गेले. ज्या माणसाने कृष्णवर्णीय गायकांना दार उघडून दिले, त्यानेच दारात उभे राहून जकात घेतली! या दोहोंपैकी एकच फ्रीड खरा, असे म्हणता येत नाही.

१९५७ साली दूरचित्रवाणीवर त्याचा कार्यक्रम सुरू झाला. एका भागात फ्रँकी लायमन हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय गायक एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेकडील केंद्रे खवळली आणि कार्यक्रम थोड्याच भागांत बंद झाला. पुढच्याच वर्षी बोस्टन येथे त्याच्या जलशानंतर मारामाऱ्या झाल्या आणि चिथावणीचा आरोप त्याच्यावर आला. आरोप पुढे मागे घेण्यात आला, पण नोकरी गेली ती गेलीच.

दुसऱ्या केंद्रावर जागा मिळते न मिळते तोच १९५९ साली निवेदकांच्या लाचखोरीचा बोभाटा झाला. तबकडी वाजविण्यासाठी पैसे घेण्याच्या या चालीला ‘पेओला’ म्हणत. ती सर्वत्र चालत असे. मी असे पैसे कधी घेतले नाहीत, या अर्थाच्या कागदावर सही करण्यास केंद्राने त्याला सांगितले. त्याने नकार दिला आणि त्याला काढून टाकण्यात आले. सही केली असती तर ते असत्य झाले असते. तेवढे असत्य त्याने पत्करले नाही. न आवडलेले गाणे पैशासाठी आपण लावीत नव्हतो, असे त्याचे म्हणणे होते. ते कदाचित खरेही असेल. पण श्रोत्याला ते कसे कळावे? मित्राने एखादे गाणे ऐक म्हणून सांगितले आणि मागाहून कळले की त्याच्या खिशात त्या गाण्याचे पैसे होते, तर गाणे चांगले असूनही मन खट्टू होते.

१९६२ साली त्याने न्यायालयात लाच घेतल्याचे कबूल केले. दंड फक्त ३०० डॉलर झाला, परंतु कोणतेही मोठे केंद्र त्याला फार काळ ठेवीना. लॉस एंजेलिस झाले, मायामी झाले. मद्याचे व्यसन वाढले. १९६४ मध्ये प्राप्तिकर बुडविल्याचा खटला उभा राहिला. त्याचा निकाल लागण्यापूर्वीच २० जानेवारी १९६५ रोजी पाम स्प्रिंग्ज येथे तो मरण पावला. तेव्हा त्याचे वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते.

१९८६ साली रॉक संगीताच्या सन्माननीयांची पहिली यादी निघाली, तीत चक बेरी होता आणि ॲलन फ्रीडही होता. ‘मेबेलीन’चे संपूर्ण कर्तृत्व त्याच वर्षी एकट्या बेरीच्या नावावर परत आले. या सन्माननीयांचे संग्रहालय १९९५ मध्ये उघडले, ते फ्रीडच्या क्लीव्हलंडमध्येच. २००२ पासून काही वर्षे त्याचा रक्षाकलश तेथे होता. पुढे संग्रहालयाने तो कुटुंबास परत नेण्यास सांगितले. आता त्याची रक्षा त्याच शहरातील लेक व्ह्यू दफनभूमीत आहे. तिच्यावरील स्मारकशिला नाणे टाकून गाणे ऐकण्याच्या यंत्राच्या आकाराची आहे.