जगदीशचंद्रांचा रिसीव्हर

शाळेत जगदीशचंद्र बोस म्हटलं की वनस्पतींनाही संवेदना असतात एवढं लिहायचं आणि मार्क घ्यायचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांसाठी मात्र खरे बोस त्याच्या आधीचे.

३० नोव्हेंबर १८५८ ला मैमनसिंगला (आता बांगलादेशात) जन्म. केंब्रिजला शिकून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्यांपेक्षा पगार कमी, म्हणून तीन वर्षं पगाराला हातच लावला नाही, शिकवणं मात्र चालू! (आपल्याला मेसचं बिल तीन दिवस थकवता येत नाही.) शेवटी सरकारने थकबाकीसकट पूर्ण पगार दिला. लॅब म्हणजे एक छोटीशी खोली. तिथूनच सुरुवात करून १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली.

पण मला खरी कमाल वाटते ती पुढची. तेव्हाचा रिसीव्हर म्हणजे कोहिअरर, काचेच्या नळीत धातूचा कीस. लहर आली की कीस चिकटून वीज वाहू देतो, आणि मग चिकटलेलाच राहतो! टिचकी मारून सुटा केल्याशिवाय पुढचा सिग्नल कळतच नाही. १८९९ मध्ये बोस यांनी लोखंड आणि पाऱ्याचा कोहिअरर मांडला. तो आपला आपण मोकळा व्हायचा. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा सिग्नल ऐकला, तो अशाच पाऱ्याच्या डिटेक्टरवर.

वडूजला घरी दोन प्रोजेक्टसाठी मॉड्यूल निवडताना मी हाच प्रश्न आधी विचारला: एक सिग्नल घेतल्यावर हा दुसऱ्याला कधी तयार? येरळेकाठच्या मोटरीला लोरा घेतलं. लांबच्या पल्ल्याच्या सेटिंगवर छोट्या संदेशालाही सेकंदभर लागतो, पण तेवढ्याने पाणी काही रुसत नाही. रिमोटच्या गाडीला ते चालणार नाही, सेकंदात गाडी भिंतीवर! तिथे एनआरएफ२४एल०१ घेतलं. पाठवण्यावरून ऐकण्यावर यायला त्याला जेमतेम १३० मायक्रोसेकंद लागतात. पल्ला कमी, पण अंगणाला पुरतो. दुकानदार पल्लाच सांगत बसतो, तेव्हा डेटाशीट स्वतः उघडा.

बोस यांना पेटंटचा तिटकारा. स्नेह्यांच्या आग्रहाने १९०१ मध्ये गॅलेना डिटेक्टरसाठी अमेरिकेत अर्ज गेला, १९०४ मध्ये पेटंट मिळालं, पण त्यांनी त्याचा धंदा केला नाही. १९१७ मध्ये कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला ते गेले. मार्कोनी त्याच वर्षी जुलैत गेला होता.