सुभेदार मल्हारराव होळकर

पुणे जिल्ह्यात नीरा नदीच्या काठी होळ नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे खंडूजी नावाचे धनगर गृहस्थ शेती करून व मेंढरे पाळून राहत असत. गावची चौगुलकी त्यांच्याकडे होती; परंतु चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा मदतनीस. मान बेताचा आणि मिळकत त्याहून बेताची. १६९३ साली खंडूजींना मुलगा झाला. जेजुरीच्या खंडोबाचे एक नाव मल्हारी. तेच या मुलालाही लाभले. पुढे या घराण्याला होळकर हे नाव पडले, ते याच गावावरून.

मल्हार अगदी लहान असतानाच खंडूजी वारले. भाऊबंदांत निभाव लागेना, तेव्हा आई मुलाला घेऊन आपल्या भावाकडे निघाली. भोजराज बारगळ हे तिचे भाऊ खानदेशात तळोदे येथे राहत. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची चांगली शेती होती आणि कदमबांडे या सरदारांच्या चाकरीसाठी ते काही घोडेस्वारही बाळगीत. त्या काळी अशी दुहेरी वहिवाट पुष्कळ ठिकाणी होती. पावसाळ्यात नांगर धरावा, पिके घरात आली व दसरा झाला की घोड्यावर खोगीर चढवून मोहिमेस निघावे. एकच हात दोन्ही कामे करी.

मल्हाराच्या वाट्यास मात्र प्रथम मामाची मेंढरे आली. रानात तो झोपला असता एका नागाने त्याच्या मुखावर फणेची सावली धरली, अशी कथा सांगतात. थोर पुरुषांविषयी अशा कथा लोक आवडीने रचतात. तिचा फार विचार करण्याचे कारण नाही. एवढे खरे की, मामांनी त्याच्या हातची काठी काढून घेऊन त्यास घोडा दिला. घोडदौड, भालाफेक, उपाशीपोटी लांबच्या मजला मारणे, यांत तो लवकरच तयार झाला. १७१७ साली मामांनी आपली कन्या गौतमा त्याला दिली.

१७२१ च्या सुमारास मल्हारराव बाजीराव पेशव्यांच्या पदरी आले. जुन्या धन्याचा विसर त्यांनी पडू दिला नाही. कदमबांड्यांचे लाल-पांढरे निशाण त्यांनी कृतज्ञतेने आपल्या पथकापुढे कायम ठेवले, आणि तेच पुढे होळकरांचे निशाण झाले. थोड्याच वर्षांत पाचशे स्वारांचे पथक त्यांच्या हाताखाली आले.

बाजीरावांची युद्धपद्धती मल्हाररावांच्या अंगवळणी पडलेलीच होती. अवजड तोफा नाहीत, सामानसुमान नाही. घोडा, भाला आणि खोगिराला बांधलेली शिदोरी. १७२८ साली पालखेड येथे निजामाची प्रचंड फौज मराठ्यांनी कोंडीत धरली, तेव्हा तिची रसद तोडण्याच्या कामी मल्हारराव होते. निजामाजवळ उत्तम तोफखाना होता. पण अन्नपाण्यावाचून तोफा काय करणार? त्याला तह करावा लागला. त्यानंतर माळव्याची मोहीम निघाली आणि काही वर्षांतच त्या प्रांताचा मोठा भाग मल्हाररावांच्या अमलाखाली आला. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले, त्या स्वारीतही ते होते. होळचा अनाथ पोर आता सुभेदार म्हणून ओळखला जाऊ लागला. १७३४ साली पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे वेगळी खासगी जहागीर मिळाली. दौलतीचा पैसा निराळा आणि खासगीचा निराळा, ही वहिवाट या घराण्यात तेव्हापासून पडली.

मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव. त्यांचा विवाह १७३३ साली चौंडी गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या कन्येशी झाला. या कन्येचे नाव अहल्या. वय आठ वर्षांचे. सून घरात आल्यावर सासऱ्यांनी तिला हिशेब आणि कारभार यांची ओळख करून दिली. त्या काळच्या सरदारांत हे विरळच.

१७५४ साली मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्यास वेढा घातला. वेढ्याच्या कामावर असता खंडेरावांस किल्ल्यावरून सुटलेला तोफेचा गोळा लागला आणि ते जागीच ठार झाले. मल्हाररावांचे वय तेव्हा एकसष्ट. पन्नास रणे पाहिलेला तो पुरुष दुःखाने वेडापिसा झाला. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या; अहल्याबाईही निघाल्या. तेव्हा ज्यांच्या शब्दासरशी हजारो स्वार दौडत, त्या सुभेदारांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली. पुत्र गेला, आता तीच आपला पुत्र, तिने म्हाताऱ्याला उन्हात टाकून जाऊ नये, असे त्यांनी परोपरीने सांगितले. अहल्याबाई थांबल्या. सती जाणे हा त्या काळी मोठा धर्म मानला जाई आणि जी थांबेल तिला लोकनिंदा सोसावी लागे. ती निंदा दोघांनीही पत्करली. मल्हाररावांनी केलेल्या सर्व स्वाऱ्यांहून ही एक विनवणी अधिक मोलाची होती.

१७६१ साली पानिपतावर मल्हाररावांच्या कीर्तीला डाग लागला. मोठा तोफखाना व बायकामुले बरोबर न घेता गनिमी काव्याने लढावे, हा त्यांचा सल्ला सदाशिवरावभाऊंस पटला नव्हता. १४ जानेवारीस विश्वासराव पडले, फौजेची फळी फुटली, आणि मल्हारराव आपले पथक घेऊन रणातून निघून गेले. कोणी म्हणतात, स्त्रियांना वाचविण्यासाठी भाऊंनीच त्यांस जाण्यास सांगितले. कोणी त्यांस उघड दोष देतात. हा वाद अजून मिटलेला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मांगरोळ येथे जयपूरच्या फौजेचा त्यांनी पराभव केला आणि उत्तरेत मराठ्यांचा दरारा पुन्हा बसविण्यास आरंभ केला. परंतु पानिपताचा प्रश्न त्यामुळे पुसला गेला नाही.

अखेरच्या वर्षांत ते स्वारीवर असत आणि मागची व्यवस्था अहल्याबाई पाहत. १७६५ साली त्यांनी सुनेस पाठविलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात सासऱ्याने सुनेस लिहावे असे घरगुती काहीच नाही. चंबळा उतरून ग्वाल्हेरीस जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करून तोफखान्याची व दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेत चौक्या बसवाव्यात, अशा आज्ञा आहेत. एखाद्या मुरब्बी सेनापतीस लिहावे तसेच ते पत्र आहे.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. नातू मालेराव गादीवर आले, पण वर्षभरातच तेही वारले. मग अहल्याबाईंनी दौलतीचा कारभार हाती घेतला आणि १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तो चालविला. आलमपुरी सासऱ्यांच्या स्मरणार्थ त्यांनी दगडी छत्री बांधविली. ती आजही तेथे उभी आहे.