डॉ. अ‍ॅनी बेझंट : करार टिकला, कन्या गेली

होमरूलच्या चळवळीत लोकमान्य टिळकांच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या आणि १९१७ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या पहिल्या महिला म्हणून डॉ. अ‍ॅनी बेझंट महाराष्ट्राला परिचित आहेत. परंतु भारतात येण्यापूर्वी, पैसा आणि मुलांचा ताबा यांवरून विभक्त पतीशी त्यांना जो कडवा संघर्ष करावा लागला, तो फारसा सांगितला जात नाही.

१ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या अ‍ॅनी वुड यांचा विवाह १८६७ साली फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकाशी झाला. १८६९ मध्ये डिग्बी आणि १८७० मध्ये मेबल ही अपत्ये झाली. संसाराच्या आरंभीच त्यांनी एका साप्ताहिकाला कथा विकून तीस शिलिंग मिळविले. आयुष्यातली ती पहिली कमाई. पण तत्कालीन इंग्रजी कायद्याने विवाहितेच्या मिळकतीवर मालकी पतीची होती, हे त्यांना नंतर कळले.

१८७१ मध्ये तान्ही मेबल डांग्या खोकल्याने मरणाच्या दारी जाऊन परतली आणि आईच्या श्रद्धेला तडा गेला. चर्चमधील प्रभुभोजनाचा विधी स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. धर्मगुरूच्या घरात हे खपणारे नव्हते. १८७३ मध्ये दोघांनी विभक्ततेचा करार केला. मुलगा पित्याकडे राहावा, मुलगी वर्षातील अकरा महिने आईकडे असावी आणि पतीने वर्षाला ११० पौंड द्यावेत, असे ठरले. पुन्हा एकत्र नांदण्यासाठी पतीवर दावा न करण्याचे बंधन अ‍ॅनींनी पत्करले. पैसा, मूल आणि शांतता या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या होत्या.

तुटपुंज्या रकमेत भागणे कठीण होते. १८७४ पासून चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या ‘नॅशनल रिफॉर्मर’ पत्रात आठवड्याला एक गिनी वेतनावर त्या लिहू लागल्या. पुढे १८७७ मध्ये दोघांनी संततिनियमनावरील एक पुस्तिका पुन्हा प्रसिद्ध केली. अश्लीलतेचा खटला होऊन शिक्षा झाली. ती १८७८ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. मात्र फ्रँक यांच्या हाती शस्त्र आले. त्यांनी मेबलचा ताबा मागितला.

अ‍ॅनींनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. मुलीची निगा उत्तम राखली गेली, हे न्यायमूर्ती जेसेल यांनीही मान्य केले. पण आईची नास्तिकता आणि ती पुस्तिका यांमुळे मुलीचे हित पित्याकडेच आहे, असा निर्णय त्यांनी दिला. १८७३ च्या नव्या कायद्याने आईला ताबा देणारा करार अवैध ठरत नव्हता, मात्र मुलाच्या हिताचा नसेल तर न्यायालय तो अमलात आणण्यास बांधील नव्हते. आठ वर्षेही पूर्ण न झालेली मेबल आईपासून दूर गेली आणि आईने अंथरूण धरले.

खरा पेच पुढेच होता. आता हा करार उभयपक्षी मोडला, असे धरून अ‍ॅनींनी पतीवर दावा करण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने मुलीच्या ताब्याचे कलम बाजूला सारले, पण पतीला दाव्यापासून वाचविणारी कलमे मात्र कायम ठेवली. ज्या बदल्यात त्यांनी आपले हक्क सोडले, तेच काढून घेतले गेले. सोडलेले हक्क परत मिळाले नाहीत.

पुढे न्यायालयाने भेटीची मुभा दिली. परंतु दर भेटीत मुलांच्या मनाची ओढाताण होईल, म्हणून ती मोठी होईपर्यंत भेटायचेच नाही, असे अ‍ॅनींनी ठरविले. मुलांना दोघांच्या भांडणातले हत्यार होऊ न देण्याचा तो अत्यंत महागडा मार्ग होता. सज्ञान झाल्यावर डिग्बी आणि मेबल दोघेही आपणहून आईकडे आले.

दैवाचा खेळ असा, की १९१२ मध्ये जे. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या भावाच्या पालकत्वावरून मद्रासच्या न्यायालयात अ‍ॅनीबाई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी मुले परत मागणारा पिता समोर होता. तेथे त्या हरल्या, परंतु १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांचे अपील मान्य केले. मुलांची इच्छा विचारात घेतली गेली नव्हती, हाही आक्षेप त्या निकालात होता. छत्तीस वर्षांपूर्वी मेबलच्या वेळी तो प्रश्न कोणाच्या मनात निर्णायक ठरला नव्हता.