कुतुबमिनारापासून अलीगढपर्यंत : सर सय्यद अहमद खान

उत्तर हिंदुस्थानात सहलीस जाणारे आपल्याकडील लोक बहुधा दिल्ली व आग्रा पाहून परततात. अलीगढ राहून जाते. तेथील मुस्लिम विद्यापीठाच्या जुन्या आवारात व्हिक्टोरिया गेटमधून आत गेले की लाल विटांचा भव्य स्ट्रेची हॉल दिसतो. सभोवती वसतिगृहाच्या खोल्या आहेत, जवळच मशीद आहे. या जुन्या बांधकामात जागोजाग दगडांवर नावे कोरलेली आढळतात. ती कुणा बादशहाची नव्हेत. ती वर्गणीदारांची आहेत. ती तेथे ज्यांनी कोरवली त्या सर सय्यद अहमद खान यांना इमारतींवरील अक्षरांचा नाद तरुणपणापासूनच होता.

सर सय्यद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. आजोळ मोगल दरबारातले, मानाचे होते. आई अजीजुन्निसा करारी व शिस्तीची होती आणि मुलावर संस्कार झाले ते मुख्यतः तिचेच. १८३८ साली वडील वारले. दरबाराच्या तनख्यावर विसंबण्याऐवजी त्यांनी कंपनी सरकारची नोकरी धरली व पुढे ते मुन्सफ झाले.

दिल्लीत मुन्सफ असताना त्यांनी शहरातील व भोवतालच्या जुन्या इमारतींची माहिती गोळा करण्यास आरंभ केला. कुतुबमिनारावरचे उंच लेख खालून वाचता येईनात. तेव्हा दोन उंच बांबूंच्या मध्ये शिंके बांधून ते त्यात बसत व अधांतरी लोंबकळत एकेक अक्षर उतरवून घेत. खाली उभे असलेले त्यांचे मित्र मौलवी इमामबख्श सहबाई भीतीने पांढरेफटक पडत. या कष्टांतून १८४७ साली ‘आसार-उस्-सनादीद’ हा ग्रंथ तयार झाला.

दहाच वर्षांनी ती दिल्ली उद्ध्वस्त झाली. १८५७ च्या उठावाच्या वेळी सर सय्यद बिजनौरला होते व त्यांनी तेथील इंग्रज कुटुंबांचे प्राण वाचविले. दिल्लीत मात्र त्यांची आई एका कोठडीत लपून घोड्याच्या दाण्यावर दिवस काढीत होती. त्यांनी तिला मीरतला नेले, पण ती थोड्याच दिवसांत वारली. सहबाईंना इंग्रजांच्या शिपायांनी गोळ्या घालून ठार केले. ग्रंथात वर्णिलेल्या कित्येक इमारती पाडल्या गेल्या. सरकारने बक्षीस म्हणून एका मुस्लिम घराण्याची जप्त केलेली जहागीर त्यांना देऊ केली, ती त्यांनी नाकारली. देश सोडून मिसरला जावे असेही एकदा मनात आले. तोही विचार त्यांनी टाकला. उठावाची कारणे सांगताना सरकारच्या चुका दाखविणारे पुस्तक त्यांनी नोकरीत असतानाच लिहिले. हे धाडस लहान नव्हे.

यानंतरचे आयुष्य शिक्षणाचे आहे. १८६४ साली त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढली व इंग्रजी ग्रंथांचे उर्दू भाषांतर सुरू केले. १८६९ साली कर्ज काढून, ग्रंथसंग्रह विकून ते मुलांसह विलायतेस गेले व केंब्रिजची विद्यालये पाहून आले. २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरसा सुरू झाला. जुन्या लष्करी छावणीच्या कवायतीच्या मैदानावर ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी कॉलेजची कोनशिला बसविली. लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन स्ट्रेची यांचे या कामी साहाय्य झाले, म्हणून हॉलला त्यांचे नाव मिळाले.

पैसा कोठून आणायचा, हाच रोजचा प्रश्न होता. साठी उलटलेले हे गृहस्थ नुमाइशीत दुकान मांडून पुस्तके विकीत. निधीसाठी ते रंगमंचावर उभे राहिले, त्यांनी लॉटरीही काढली. धर्मनिष्ठांनी नावे ठेवली. त्यांच्याविरुद्ध कुफ्रचा फतवा तर थेट मक्केहून आणविला गेला. ते वर्गणी मागतच राहिले आणि देणगीदाराचे नाव दगडावर कोरवीत राहिले. थोडे देणाऱ्याचे कुंपणाच्या भिंतीत, अधिक देणाऱ्याचे खोलीवर. देणाऱ्यांत हिंदूही होते, राजा जयकिशनदास तर त्यांचे जिवलग स्नेही. या कॉलेजचे पहिले पदवीधर ईश्वरीप्रसाद नावाचे विद्यार्थी होते, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

पैसा इमारतींत जातो, शिक्षणात नाही, अशी टीका त्याही काळी झाली. तरी सर सय्यद उन्हात उभे राहून बांधकामावर देखरेख करीत.

त्यांचे सर्वच मत आज पटणार नाही. काँग्रेसला त्यांनी केलेला विरोध मुंबईच्या बद्रुद्दीन तय्यबजींनी मान्य केला नाही. आधी मुलगे शिकावेत, मुलींच्या शाळांची घाई नको, असे ते म्हणत. प्रस्तुत लेखकाच्या मते यात आपल्या कित्येक पिढ्यांचे नुकसान झाले. अलीगढलाच १९०६ साली शेख अब्दुल्ला यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सर सय्यद हयात नव्हते.

अखेरची वर्षे दुःखात गेली. १८९५ साली कॉलेजच्या विश्वासू हेड क्लार्कने खोट्या सह्या करून एक लाखाहून अधिक रकमेचा अपहार केल्याचे उघड झाले. ज्यांनी दाराेदार फिरून ती रक्कम जमविली होती त्यांना हा घाव सोसवला नाही. घरातही स्वास्थ्य उरले नव्हते. शेवटी ते एका स्नेह्याच्या घरी राहावयास गेले व तेथेच २७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. कफन-दफनाचा खर्च मित्रांनी केला. कॉलेजच्या मशिदीलगत, स्ट्रेची हॉलपासून थोड्याच पावलांवर, त्यांची कबर आहे. बावीस वर्षांनी, १९२० साली, त्या कॉलेजचे विद्यापीठ झाले.