पॅरिसचा चित्रगुप्त : युजेन आत्जे

नवी वास्तू उभी राहते तेव्हा पायाभरणीला पाहुणे येतात, कोनशिला बसते, चार भाषणे होतात. जुनी वास्तू पडते तेव्हा मात्र केवळ धूळ उडते. ती धूळ खाली बसल्यावर, त्या जागी पूर्वी काय होते, हे वर्षभराने शेजाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. शहरे अशीच आपले बालपण विसरत जातात. फ्रान्सची राजधानी पॅरिस हीही असेच विसरली असती. पण तिच्या गल्ल्यांतून सुमारे तीस वर्षे एक मनुष्य खांद्यावर ओझे घेऊन पायी हिंडला आणि जे जे पडणार होते ते ते त्याने काचेवर उतरवून ठेवले. त्याचे नाव युजेन आत्जे.

आत्जेचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी बोर्दो शहराजवळील लिबुर्न या गावी झाला. त्याचा बाप घोडागाड्या बांधणारा कारागीर होता. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे आजीआजोबांनी त्याला वाढवले. तरुणपणी त्याने काही काळ व्यापारी जहाजावर नोकरी केली. परंतु त्याचे मन समुद्रावर रमले नाही. त्याला नट व्हावयाचे होते. १८७८ साली तो पॅरिसला आला. नाट्यविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो पहिल्या खेपेस नापास झाला. दुसऱ्या खेपेस त्याला प्रवेश मिळाला. पण त्याच सुमारास सक्तीची लष्करी नोकरी त्याच्या मागे लागली. शिक्षण आणि शिपाईगिरी यांची ओढाताण होऊन १८८१ मध्ये त्याला विद्यालय सोडावे लागले. पुढे फिरत्या नाटक मंडळींबरोबर तो गावोगाव हिंडला, दुय्यम भूमिका करीत राहिला. याच दिवसांत १८८६ साली वालांतीन या नटीशी त्याची ओळख झाली आणि तिने जन्मभर त्याची सोबत केली. १८८७ मध्ये घशाच्या विकाराने त्याचा आवाज गेला व रंगभूमीचे दारही बंद झाले. मग त्याने हाती कुंचला धरला. त्यातही यश येईना.

तिशी उलटलेली, हाती धंदा नाही, पदरी पैसा नाही, अशा स्थितीत त्याने छायाचित्रणाकडे मोर्चा वळवला. चित्रकारांची एक अडचण त्याने हेरली होती. चित्रात झाड, दरवाजा, कठडा काढावयाचा तर त्यांना समोर नमुना हवा असे. असे नमुने छायाचित्रांच्या रूपाने पुरवण्याचे त्याने ठरवले. कलावंतांना उपयोगी पडणारी साधनचित्रे येथे मिळतील, अशा अर्थाची पाटी त्याने दारावर लावली. आपण कलावंत आहोत असा दावा त्याने तेव्हाही केला नाही आणि पुढेही केला नाही.

त्या काळचे पॅरिस झपाट्याने बदलत होते. १८५३ ते १८७० या काळात ओसमान नावाच्या प्रशासकाने मध्ययुगीन गल्ल्या पाडून रुंद, सरळ राजरस्ते काढले होते. त्यानंतरही पाडापाड थांबली नव्हती. १९०० साली जमिनीखालची आगगाडी सुरू झाली. आयफेल मनोरा तर १८८९ पासूनच आकाशात उभा होता. सारे जग तो मनोरा पाहावयास येई. आत्जेने मात्र त्याच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली. १८९७-९८ च्या सुमारास त्याने जुने पॅरिस टिपण्यास आरंभ केला. कोणी सरदार कधी राहून गेलेला वाडा, त्याच्या जिन्याचा लोखंडी कठडा, दारावरची कोरीव कडी, दारूच्या गुत्त्याची पाटी, विहीर, कोपऱ्यावरचे दुकान, हे त्याचे विषय. रस्त्यावरचे किरकोळ धंदेवाईकही त्याने सोडले नाहीत. फिरते वाद्य वाजवणारा म्हातारा आणि त्याच्याजवळ उभी राहून हसतमुखाने वर पाहत गाणारी चिमुकली हे त्याचे चित्र ज्याने पाहिले तो ते विसरणार नाही.

बिएव्र नावाची एक लहानशी नदी पॅरिसमधून वाहत असे. तिच्या काठी चांभार कातडी कमावीत, रंगारी कापड रंगवीत. पाण्याला दुर्गंधी येई. तिची चित्रे काढावीत असे कोणास वाटणार? आत्जेला वाटले. १९१२ पर्यंत शहरातील तिचे उघडे पात्र झाकून टाकण्यात आले. नदी जमिनीखाली गेली. पण तिचा काठ, तिच्यावर ओणवी झालेली घरे आणि वाळत घातलेली कातडी आत्जेच्या काचांवर राहिली.

हे काम किती कष्टाचे होते, हे आज सहज लक्षात येणार नाही. त्याचा कॅमेरा लाकडी पेटीचा, भात्यासारखा उघडणारा होता. १८ सेंटिमीटर रुंद व २४ सेंटिमीटर लांब अशी एकेक काच त्यात घालावी लागे. कॅमेरा, तिकाटणे आणि काचा मिळून सुमारे वीस किलोचे ओझे होई. ते घेऊन तो बहुधा पहाटे निघे. कारण तेव्हा रस्ते निर्मनुष्य असत आणि उजेड कोवळा असे. डोक्यावर काळे कापड घेऊन तो मागच्या काचेवर उलटी पडलेली प्रतिमा न्याहाळी, मग भिंग काही काळ उघडे ठेवी. तेवढ्या वेळात कोणी समोरून चालत गेला तर चित्रात त्याची केवळ पुसट सावली उमटे. उंच इमारतीच्या रेषा तिरप्या दिसू नयेत म्हणून तो भिंग वर सरकवी. त्यामुळे त्याच्या अनेक चित्रांचे वरचे कोपरे काळे राहिले आहेत. त्या कोपऱ्यांची त्याने फिकीर केली नाही. इमारत सरळ उभी दिसली पाहिजे, एवढाच त्याचा कटाक्ष.

घरी आल्यावर दुसरे काम सुरू होई. अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या द्रवाचा लेप दिलेल्या कागदावर काच ठेवून तो सूर्यप्रकाशात छापे काढी. प्रत्येक चित्राला क्रमांक देऊन त्यावर स्थळ लिहून ठेवी. मग तो हे छापे ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, वास्तुशिल्पी आणि चित्रकार यांना विकी. पॅरिसचे कार्नाव्हाले वस्तुसंग्रहालय व फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय हे त्याचे गिऱ्हाईक होते. मिळकत बेताचीच होती. प्रकृतीच्या कारणाने त्याने आहारही दूध, पाव आणि साखर यांवर आणून ठेवला होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि वालांतीनचा मुलगा रणांगणावर पडला. आत्जेने आपल्या काचा तळघरात लपवल्या. फिरणे जवळजवळ थांबले. युद्ध संपले तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. या काचांचे आपल्या मागे काय होणार, ही चिंता त्याला ग्रासू लागली. १९२० साली त्याने कलाखात्याचे अधिकारी पॉल लेओं यांना पत्र लिहिले. वीस वर्षांहून अधिक काळ आपण स्वयंस्फूर्तीने हे काम केले, आता आपण वार्धक्याकडे झुकलो आहोत, पश्चात कोणी वारस नाही, आणि हा संग्रह अजाण हाती पडून नष्ट होईल अशी भीती वाटते, असा त्याचा आशय होता. सरकारने २,६२१ काचा १०,००० फ्रँक देऊन विकत घेतल्या. त्याच्या जिवावरचे ओझे उतरले. पण तो स्वस्थ बसला नाही. १९२५ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सो येथील ओसाड पडलेल्या राजोद्यानाची डागडुजी होण्यापूर्वी तो पहाटे पहाटे तेथे जाऊन चित्रे घेत होता.

त्याच्याच गल्लीत मॅन रे हा अमेरिकन कलावंत राहत असे. १९२६ साली त्याच्या खटपटीने आत्जेची काही चित्रे नव्या पंथाच्या एका मासिकात छापली गेली. चित्रांखाली आपले नाव घालू नये, एवढीच अट आत्जेने घातली. त्याच्या मते ती केवळ साधने होती. त्याच वर्षी वालांतीन वारली. पुढल्या वर्षी मॅन रेकडे पूर्वी मदतनीस असलेल्या बेरेनीस ॲबट या तरुण मुलीने आत्जेचे छायाचित्र काढले. त्याच्या नेहमीच्या ठिगळ लावलेल्या कपड्यांत त्याला टिपावे अशी तिची इच्छा. पण म्हातारा चांगला ओव्हरकोट घालून आला! छापे तयार करून ती त्याच्या घरी घेऊन गेली, तो हे जग सोडून गेला होता. तो दिवस ४ ऑगस्ट १९२७.

मागे राहिलेल्या काचा व छापे कचऱ्यात जाण्याचा धोका होता. ॲबटने आत्जेच्या मित्राचा शोध घेतला आणि १९२८ साली हजाराहून अधिक काचा व हजारो छापे विकत घेतले. पुढे चाळीस वर्षे तिने ते जिवापाड जपले. १९६८ साली तो संग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. तिने स्वतःही आत्जेचाच मार्ग धरला. १९३० नंतरच्या दशकात बदलत्या न्यूयॉर्कची तिने काढलेली चित्रे १९३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एका शहरासाठी लावलेला दिवा असा दुसऱ्या शहराच्याही कामी आला.

आत्जेने एकूण ८,००० हून अधिक चित्रे घेतली. त्याला पदक मिळाले नाही, त्याचा सत्कार झाला नाही. नट म्हणून तो अपयशी ठरला, चित्रकार म्हणूनही ठरला. पण जे काम हाती घेतले त्याला क्षुद्र न मानता तो रोज पहाटे उठला. आपल्याकडे अशी श्रद्धा आहे की चित्रगुप्त प्रत्येकाच्या कर्माची नोंद ठेवतो. जुन्या पॅरिसची नोंद ठेवणारा हा माणूसही तसाच, चित्रांचा धनी आणि स्वतः मात्र गुप्त.

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या वाटेवर तुम्हांलाही एखादा जुना वाडा, दगडी कमान किंवा लाकडी सज्जा लागत असेल. ती कमान कोणी बांधली, तिच्यावर काय कोरले आहे, हे उद्या जाताना क्षणभर थांबून पाहा. जमल्यास तिचे चित्र काढा, त्याखाली जागा आणि तारीख लिहा. कदाचित पन्नास वर्षांनी कोणी ते शोधीत येईल, आणि तेव्हा ती कमान तेथे नसेल.