बेनी बेन्सन : सातवीतल्या मुलाने काढलेला झेंडा



चित्रकला स्पर्धेचा विषय जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात काय होतं, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. काही मुलं घरून सुबक चित्रं आणतात. चित्र बघितलं की लगेच कळतं, यात ताईचा, बाबांचा किंवा मोबाईलचा हात आहे. आणि मागच्या बाकावरचा एखादा मुलगा स्वतःच्या मनाने दोन-चार रेघा मारलेला कागद हळूच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतो. मी स्वतः असे तळाचे कागद पूर्वी भरभर उलटून पुढे जात असे. आज ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, ती वाचल्यापासून तसं करवत नाही.

अमेरिकेत ५० राज्ये आहेत आणि प्रत्येक राज्याला स्वतःचा झेंडा आहे. शिवाय प्वेर्तो रिको, ग्वाम यांसारखे काही प्रदेश आहेत, त्यांचेही वेगळे झेंडे आहेत. यातले बरेचसे राज्यांचे झेंडे एकसारखे दिसतात, म्हणजे निळे कापड आणि मधोमध राज्याची शासकीय मुद्रा. मुद्रेत नांगर, जहाज, डोंगर, माणसं, अक्षरं अशी इतकी गर्दी असते की लांबून एक राज्य दुसऱ्यापासून ओळखू येत नाही. पण अलास्काचा झेंडा एकदा पाहिला की विसरत नाही. गडद निळा रंग, त्यावर सोनेरी रंगाचे सात तारे आणि वरच्या कोपऱ्यात एक मोठा तारा, बस्स. हे सात तारे म्हणजे आपले सप्तर्षी आणि तो मोठा तारा म्हणजे ध्रुवतारा. हा झेंडा काढला तेव्हा बेनी बेन्सन सातवीत होता आणि अनाथालयात राहत होता.

आई गेली, घर गेलं

बेनीचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या एक-दोन वर्षे आधी अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिगनिक नावाच्या मच्छीमार वस्तीत झाला. वडील स्वीडनहून आलेले मच्छीमार. आई त्या भागातल्या अल्यूट या मूळ रहिवासी समाजातली, घराण्यात रशियन रक्तही होतं. अलास्का १८६७ पर्यंत रशियाच्या ताब्यात होतं. त्या वर्षी अमेरिकेने ते ७२ लाख डॉलरना विकत घेतलं. त्यामुळे अशी मिश्र घराणी तिकडे पुष्कळ होती.

बेनी अगदी लहान असताना, तीनेक वर्षांचा असेल, आई न्यूमोनियाने वारली. त्याच सुमारास राहतं घरही जळालं. वडिलांना समुद्रावर जाऊन पोट भरायचं होतं, मागे तीन लेकरांकडे बघणार कोण? शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. बेनी आणि त्याचा भाऊ कार्ल यांना उनालास्का बेटावरच्या जेसी ली होम या मिशनच्या अनाथालयात ठेवलं. बहिणीला लांब ओरेगन राज्यातल्या शाळेत पाठवलं. एका घरातली भावंडं अशी दोन दिशांना गेली.

पुढे हे अनाथालय सेवर्ड या बंदराच्या गावी हलवलं गेलं. बेनीही सगळ्या मुलांबरोबर तिथे आला आणि शाळेत जाऊ लागला.

त्या काळात अलास्कात मूळ रहिवाशांना कसं वागवलं जाई, हेही इथे सांगायला हवं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळालं ते १९२४ मध्ये. अलास्कातल्या कित्येक दुकानांच्या आणि हॉटेलांच्या दारावर मूळ रहिवाशांना प्रवेश नाही, अशा पाट्या असत. हा भेदभाव बंद करणारा कायदा तिथे १९४५ मध्ये आला. आपली गोष्ट त्याच्या १८ वर्षे आधीची आहे.

स्पर्धा

तेव्हा अलास्का राज्य नव्हतं, नुसता प्रदेश होता. अमेरिकेत त्या वेळी ४८ राज्ये होती. अलास्काचे गव्हर्नर जॉर्ज पार्क्स एकदा राजधानी वॉशिंग्टनला गेले असताना त्यांना टपाल खात्याच्या इमारतीपाशी सगळ्या राज्यांचे झेंडे फडकताना दिसले. अलास्काचा मात्र नव्हता. असणार कसा? अलास्काला झेंडाच नव्हता! आपल्यालाही झेंडा हवा, हे त्यांच्या मनाने घेतलं.

झेंडा काढायचं काम त्यांनी एखाद्या मोठ्या चित्रकाराला दिलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पण ठरलं असं की मुलांची स्पर्धा घ्यायची. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने ती भरवली. सातवी ते बारावीच्या मुलांनी भाग घ्यायचा. आधी गावोगावी निवड, मग निवडलेली चित्रं राजधानी जूनोला. अशी १४० च्या वर चित्रं जूनोला पोहोचली.

मुलांनी काय काय काढलं होतं! पांढरी अस्वलं, सोनं शोधणारे खाणकामगार, मासेमारी, मध्यरात्रीचा सूर्य. काहींनी प्रदेशाची शासकीय मुद्राच काढली होती. ही सगळी अलास्काची ओळखच होती, त्यात चूक काही नाही. बेनीने मात्र रोज रात्री झोपण्याआधी तो जे आकाशात बघायचा, तेच काढलं.

हिवाळ्यात तिकडे रात्र खूप मोठी असते. सेवर्ड साधारण ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सप्तर्षी कधी मावळतच नाहीत, वर्षभर ध्रुवताऱ्याभोवती फिरत राहतात. बेनीचं घर गेलं, आई गेली, गाव बदललं, बेट बदललं. पण चिगनिक असो, उनालास्का असो की सेवर्ड, हे तारे तेच होते.

चित्रासोबत त्याने चार ओळीत अर्थही लिहून दिला होता. निळा रंग अलास्काच्या आकाशाचा आणि तिथल्या फर्गेट-मी-नॉट या इवल्याशा निळ्या रानफुलाचा. ध्रुवतारा हा भविष्यातल्या अलास्का राज्याचा, जे संघराज्यात सगळ्यात उत्तरेला असेल. आणि सात तारे मोठ्या अस्वलाचे, म्हणजे ताकदीचे. पाश्चात्त्य लोक ज्या तारकासमूहाला मोठं अस्वल म्हणतात, त्यातलेच हे सात तारे. म्हणजे इतरांसारखं अस्वल यानेही काढलं होतं, फक्त ते आकाशातलं होतं.

यातला मधला अर्थ पुन्हा वाचा. अलास्का राज्य व्हायला अजून ३२ वर्षे होती आणि एका सातवीतल्या मुलाने होणाऱ्या राज्यासाठी झेंड्यावर तारा काढून ठेवला होता.

परीक्षकांनी हेच चित्र निवडलं. २ मे १९२७ रोजी विधिमंडळाने ते अलास्काचा झेंडा म्हणून स्वीकारलं. ९ जुलै १९२७ रोजी सेवर्डला, जेसी ली होमच्याच आवारात तो पहिल्यांदा फडकला. ज्या प्रदेशात दुकानांच्या दारावर तसल्या पाट्या होत्या, त्या प्रदेशाने मूळ रहिवासी आईच्या एका अनाथालयातल्या मुलाने काढलेला झेंडा डोक्यावर घेतला!

बक्षिसानंतरचं आयुष्य

आपल्याकडे थोरांच्या गोष्टी सांगताना एक सवय असते. बक्षीस मिळालं, टाळ्या वाजल्या आणि मग तो मुलगा खूप मोठा माणूस झाला. बेनीचं तसं झालं नाही, आणि मला वाटतं मुलांना हा भाग मुद्दाम सांगायला हवा.

बक्षीस म्हणून बेनीला झेंड्याचं चित्र कोरलेलं एक घड्याळ मिळालं. शिवाय वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्षांना झेंडा भेट देण्यासाठी १००० डॉलर मंजूर झाले होते. पण या ना त्या कारणाने तो प्रवास काही झाला नाही. ते पैसे त्याच्या शिक्षणासाठी राखून ठेवले गेले.

१९३२ मध्ये बेनी अनाथालयातून बाहेर पडला आणि वडिलांकडे गेला. तिकडे त्या काळी लोकरीच्या कातड्यासाठी कोल्हे पाळत, तसलं काम त्याने वडिलांबरोबर केलं. पुढे त्या राखून ठेवलेल्या पैशांतून तो सिएटलला जाऊन डिझेल इंजिनचं काम शिकला. म्हणजे झेंड्याच्या बक्षिसातून त्याच्या हाताला हुन्नर मिळालं. त्याने लग्न केलं, दोन मुली झाल्या. नंतर पतीपत्नी वेगळे झाले आणि १९५० च्या सुमारास बेनी बेन्सन कोडियाक बेटावर राहायला गेले. तिथे ते विमानांचे मेकॅनिक होते. हात ग्रीसने माखलेले, डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची काळजी वाहणारे.

३ जानेवारी १९५९ रोजी अलास्का अमेरिकेचं ४९ वं राज्य झालं. राज्य झाल्यावर नवा झेंडा काढावा लागला नाही. बेनींचा झेंडाच राज्याचा झेंडा झाला. त्याआधी १९३५ मध्ये अलास्काच्या शिक्षण खात्यातल्या मेरी ड्रेक यांनी या झेंड्यावर कविता लिहिली होती. तिला चाल लागली आणि १९५५ मध्ये ते अलास्काचं अधिकृत गीत झालं.

शेवटची काही वर्षे कष्टाची गेली. आजारपणामुळे एक पाय काढावा लागला. २ जुलै १९७२ रोजी कोडियाकलाच त्यांचं निधन झालं. २००१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या झेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने अमेरिका आणि कॅनडातल्या ७२ झेंड्यांबद्दल मतं घेतली, तेव्हा अलास्काचा झेंडा ५ वा आला. २०१३ मध्ये कोडियाकच्या विमानतळाला बेनी बेन्सन यांचं नाव देण्यात आलं. मेकॅनिकच्या नावाने विमानतळ, हे तसं दुर्मीळच!

आणि ते अनाथालय? १९६४ च्या मोठ्या भूकंपात इमारतीचं फार नुकसान झालं. मुलांना दुसरीकडे हलवलं. रिकामी इमारत पुढे कित्येक वर्षे उभी होती, ती २०२० मध्ये पाडली. बेनीचं चिगनिकचं घर राहिलं नाही, सेवर्डचंही राहिलं नाही. झेंडा मात्र अलास्काच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक कचेरीवर आहे.

ध्रुवतारा आपलाही

बेनीची गोष्ट वर्गात सांगताना मला ध्रुवबाळाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वडिलांच्या मांडीवरून उठवलेल्या त्या लेकराला कोणी हलवू शकणार नाही अशी जागा हवी होती. त्याला मिळालेलं अढळपद म्हणजे आपण म्हणतो तो ध्रुवतारा. बेनीला ही गोष्ट माहीत असण्याचं काही कारण नाही. पण घर सुटलेल्या मुलाने हलत नाही असा तारा निवडावा, हे माझ्या मुलांना लगेच कळलं, मला समजावून सांगावं लागलं नाही.

चौथी ते सातवीच्या वर्गात या गोष्टीला जोडून हे घेता येईल :

१. उन्हाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळनंतर उत्तरेकडे सप्तर्षी शोधा. चौकोनाच्या पुढच्या बाजूचे दोन तारे जोडून रेघ पुढे साधारण पाचपट वाढवली की ध्रुवतारा सापडतो. अलास्काच्या झेंड्यावरही हेच करून बघा.

२. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. महाराष्ट्रात तो दोन मुठींच्या आसपास दिसतो. बेनीला सेवर्डला तो सहा मुठी वर दिसत असे. भूगोलातला अक्षांश मुलांना असा हातात धरता येतो.

३. आपल्या गावाचा किंवा शाळेचा झेंडा काढायला सांगा. अट एकच, जे तुम्ही रोज बघता तेच काढायचं आणि चार ओळीत अर्थ लिहायचा. चित्र शाळेतच काढून घ्या, घरी देऊ नका. (पालकहो, राग मानू नका!)

मी हा तिसरा उपक्रम घेतला तेव्हा एका मुलीने करडा कागद घेऊन त्यावर फक्त पिवळा गोल काढला होता. मला वाटलं सूर्य आहे, आणि मी मनातल्या मनात तिला कमी गुण देऊन मोकळा झालो होतो. मग मागची बाजू उलटून वाचली. तो एस. टी. चा दिवा होता. तिची आई मुक्कामाच्या गाडीने कामावरून परत येते आणि ती धुक्यात त्या दिव्याची वाट बघत उभी असते.

तेव्हापासून गुण देण्याआधी मी कागद उलटून बघतो. तळाचा कागदसुद्धा.